फुलावर आलेला वाफा हलवताना : प्रकल्प नोंदी

२१ ऑगस्ट

भिंतीलगतच्या वाफ्याखालून जाणारा सांडपाण्याचा पाइप फुटलाय, हे आज नक्की झालं. खोदकाम ५ सप्टेंबरला. हातात पंधरा दिवस आहेत आणि वाफा ऐन भरात.

मोजदाद केली. सोनटक्क्याचं छातीएवढं एक बेट, कळ्या धरलेल्या. कर्दळीची दोन बेटं. बर्ड ऑफ पॅराडाईजचा एक जुना गड्डा, कमरेच्या वर गेलेला. एक जास्वंद. शिवाय तारेवर चढवलेली गोकर्णी.

झाड हलवायचं ते विसावलेलं असताना, हे कुणीही सांगेल. तेव्हा पानं कमी असतात, नवी वाढ नसते, मुळांवर भार नसतो. आत्ता सगळं उलटं आहे. प्रत्येक पान दिवसभर पाणी मागतंय आणि मी नेमकी पाणी पुरवणारी बाजू तोडायला निघालेय. खणताना दिसतात ती जाड मुळं बरीचशी साठवणीचं आणि वाहतुकीचं काम करतात. पाणी ओढतात ती टोकाजवळची कोवळी तंतुमुळं आणि त्यांच्यावरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे मूलरोम. ही सगळी मंडळी गड्ड्याच्या बाहेरच्या कडेला असतात, म्हणजे कुदळ पडते तिथेच.

म्हणून पुरवठा वाढवायच्या नादी लागायचं नाही, मागणी कमी करायची. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, कारण मी मला ओळखते. हातात झारी आली की माझा हात थांबत नाही.

२२ ऑगस्ट

आज एकाही झाडाला हात लावला नाही, फक्त खड्डे. आधी झाड उपटून मग त्याच्यासाठी जागा शोधायची, हा प्रकार मी पूर्वी केलाय. मुळं उघडी पडून तासभर उन्हात राहतात आणि तेवढ्यात निम्मं नुकसान होऊन बसतं.

नवी जागा अंगणाच्या मागच्या बाजूला. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी तीननंतर सावली. खड्डे गड्ड्याच्या दुप्पट रुंद घेतले, पण खोली गड्ड्याएवढीच. खोल खणून खाली भुसभुशीत माती भरली तर ती पुढे बसते आणि तिच्याबरोबर झाडही खाली बसतं.

प्रत्येक खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून घड्याळ लावलं. तीन खड्ड्यांतलं पाणी अर्ध्या-पाऊण तासात उतरलं. चौथ्यात, कोपऱ्यातल्या, चार तासांनीही वीतभर पाणी तसंच. खाली चोपण थर आहे, पाणी मुरू न देणारा. पहारीनं थोडा फोडला आणि पुढे गेले. (ही ओळ नंतर परत वाचावी लागणार आहे.)

२३ ऑगस्ट

जास्वंदीसाठी आगाऊ तयारी. बुंध्यापासून २५ सेंमीवर गोल आखून घेतला आणि त्याच्या अर्ध्या परिघावर धारदार फावडं सरळ खाली दाबत गेले. कापलं आणि तसंच ठेवलं, उचललं काही नाही. कापलेल्या मुळांच्या टोकांशी नवी तंतुमुळं फुटू लागतात आणि उरलेल्या अर्ध्या बाजूवर झाड तग धरतं. खरं तर हे काम काही महिने आधी करायचं असतं. माझ्याकडे अकरा दिवस आहेत. नसण्यापेक्षा बरं.

गोळा केवढा धरायचा याचा हिशोबही केला. ५० सेंमी व्यास आणि ३० सेंमी खोली, सरळ नळकांडं मानलं तर जवळजवळ ५९ लिटर माती. तळाला निमुळता केला तर ४० लिटर. ओलसर मातीचं वजन लिटरमागे दीड किलोच्या वरच भरतं, म्हणजे साठ-पासष्ट किलो. मला मोह होता तसा ७५ सेंमीचा गोळा धरला असता तर वजन सव्वादोनपट झालं असतं. व्यास दीडपट केला की माती दीडपट होत नाही, हे कंबर गेल्यावर कळण्यापेक्षा कागदावर कळलेलं चांगलं.

२५ ऑगस्ट

दोन दिवस उघडीप. मूठभर माती दाबून गोळा केला आणि टिचकी मारली. सुटसुटीत फुटला. वाफसा आलाय, म्हणजे माती खणायला हवी तेवढीच ओलसर आहे. कोरड्या मातीत गड्डा ढासळतो आणि चिखलात मुळांभोवतीची माती थापली जाऊन विटेसारखी होते. उन्हाची वाट पाहायची तशी वाफशाचीही पाहावी लागते.

संध्याकाळी पाचला कर्दळ. हे हलवायला सोपं झाड. कंद वरच्या थरातच पसरलेले असतात. दात्यांच्या फावड्यानं चारही बाजूंनी सैल केलं आणि चटईसारखं उचलून आलं.

दोन बेटं आहेत तर थोडी गंमत करून पाहतेय.

पहिलं बेट : सगळे दांडे वीतभर ठेवून छाटले. कोपऱ्यातल्या खड्ड्यात लावलं.

दुसरं बेट : फक्त फुलून गेलेले दांडे बुडापासून काढले, कारण कर्दळीचा दांडा फुलून संपला की पुन्हा फुलत नाही. कोवळे दांडे ठेवले, त्यांची मोठी पानं आडवी अर्ध्यावर कापली. वर हिरवी जाळी बांधली.

दिसायला पहिलं नीटनेटकं, दुसरं म्हणजे कुणीतरी कात्री घेऊन चिडल्यासारखं. दोन्हींना सारखंच पाणी, दोन-दोन बादल्या.

२६ ऑगस्ट

सोनटक्का. उमललेली फुलं आणि अर्ध्या उघडलेल्या कळ्या सगळ्या खुडून घरात आणल्या. स्वयंपाकघरापर्यंत वास गेलाय. वाईट वाटलं, पण फुलं ठेवली असती तर झाडानं मुळांच्या वाट्याचं त्यांनाच घातलं असतं.

बेट जुनं असल्यामुळे कंद एकमेकांवर चढलेले, मधला भाग लाकडासारखा. फावडं आत जाईना. शेवटी करवत आणली. पहिल्याच घावाला कंद कापल्याचा ओला करकर आवाज आला आणि आल्याचा वास सुटला, एकदम ओळखीचा. एकाच कुळातली झाडं आहेत ही. कापलेली बाजू आतून पांढरट, कडेला किंचित गुलाबी झाक आणि त्यातून पाण्याचे बारीक थेंब वर येत होते. मातीत बुजलेल्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढे टोकदार गुलाबी कोंब दिसले. सात-आठ तरी असतील. हेच पुढचे दांडे. ते मोडू नयेत म्हणून तुकडे हातावरच धरले, घमेल्यात टाकले नाहीत.

चार तुकडे केले, प्रत्येकाला तीन ते पाच पानवाले दांडे. मधला काष्ठवत भाग कंपोस्टला. कंद उथळच लावले, वरून जेमतेम माती. वरची पाठ थोडी दिसली तरी मी घाबरत नाही.

२७ ऑगस्ट

दुपारी एक. सोनटक्क्यानं मान टाकली. पानांच्या सुरळ्या झाल्यात, दांडे कलंडलेत. कर्दळीच्या दुसऱ्या बेटाचीही पानं लोंबतायत.

शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. “अगं, पाणी घाल की! तहानलंय बिचारं.”

“काकू, माती ओली आहे.”

“ओली असली म्हणून काय झालं? झाड बघ की.”

माती पाहिली. बोट दोन पेरं आत घातलं तर थंड आणि ओलं लागलं. म्हणजे पाणी आहे, ते ओढायला तोंडच नाही. अशा वेळी आणखी पाणी ओतलं की मातीतल्या हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात आणि जी चार शिल्लक आहेत तीही कुजायला लागतात. वर झाड मान टाकतं ते तसंच, म्हणून माणूस अजून पाणी घालतो. तहानेचं आणि कुजण्याचं दृश्य लक्षण एकच आहे, ही बागकामातली सगळ्यात दुष्ट गोष्ट.

पश्चिमेच्या बाजूला जुनी चादर आडवी टांगली, चारी बाजूंनी गुंडाळली नाही. प्लॅस्टिक तर नाहीच, आत भट्टी होते. रात्री साडेआठला टॉर्च घेऊन गेले तर पानं बरीचशी सरळ झालेली. रात्री सावरतंय म्हणजे मुळं चालू आहेत. सकाळीही मान खालीच असेल तर काळजी करायची.

एवढं सगळं लिहून कबूल करते की काकू गेल्यावर मी कर्दळीच्या पहिल्या बेटाला एक बादली घातलीच. ते अगदीच बोडकं दिसत होतं.

३० ऑगस्ट

दोन दिवस पाऊस. काम बंद.

३१ ऑगस्ट

कर्दळीचं पहिलं बेट गेलं असं वाटतंय. छाटलेल्या दांड्यांची टोकं तपकिरी, आणि वाकून वास घेतला तर नाल्यासारखा. उकरून पाहिलं. कंदाखाली पाणी साचलेलं, तळाचे कंद बोटानं दाबल्यावर खचतायत, साल हातात निघून येतेय.

आता २२ तारखेची ती चोपण थराची ओळ परत वाचली. पण दोष एकट्या थराचा नाही. मी सगळी पानं काढली, म्हणजे मागणी जवळपास शून्यावर आणली. मग पाणी मात्र पानवाल्या बेटाएवढंच दिलं, वर एक बादली दयेची, वर दोन दिवसांचा पाऊस. घातलेलं पाणी जाणार कुठे? वहीतलं वाक्य मी अर्धंच पाळलं होतं. मागणी घटवली की पुरवठाही घटवायचा, हे इतकं उघड होतं की लिहायचं राहून गेलं.

शिवाय पानं म्हणजे नुसता पाण्याचा खर्च नाही. नवी मुळं करायला लागणारी साखर तीच करतात, आणि मुळं फोडायचा निरोप घेऊन जाणारं संप्रेरकही कोवळ्या शेंड्यांकडूनच खाली येतं. सगळं छाटलं की झाडाला फक्त कंदातल्या शिदोरीवर जगावं लागतं. कंद जाड असेल तर जगतंही, पण कोरड्या जागी.

मऊ भाग घट्ट पांढरा लागेपर्यंत कापून टाकला. मुठीएवढे पाच तुकडे वाचले. सावलीत फळीवर वाळत ठेवलेत, काप सुकेपर्यंत.

१ सप्टेंबर

गोकर्णीच्या बुडाशी खुरप्यानं उकरत गेले. एक सोटमूळ सरळ खाली, कोपरापर्यंत हात गेला तरी जाडी कमी होईना. आजूबाजूला फारशी तंतुमुळं नाहीत. हे मूळ तोडून वेल जगवण्याचा आटापिटा करायचा नाही असं ठरवलं. वाळलेल्या शेंगा गोळा केल्या, एकवीस बिया निघाल्या. टणक कवच काचपेपरवर किंचित घासून रात्रभर भिजत घातल्या. वेल आहे तिथेच राहील, ५ तारखेला जे व्हायचं ते होईल.

हलवायचं की सोडायचं हा निर्णय मूळ बघून घ्यावा, प्रेम बघून नाही. हे मला जास्वंदीच्या बाबतीतही लागू करायला हवं होतं, पण तिथे मी कच्ची आहे.

२ सप्टेंबर

बर्ड ऑफ पॅराडाईज. दादाला बोलावलं होतं. आल्या आल्या म्हणाला, “याचे चार तुकडे करू, उचलायला सोपं.”

“नाही. हा अख्खाच न्यायचा.”

“का पण?”

कारण हे झाड दाटीत खूश असतं. फोडलं की रुसतं, फुलं यायला एखाद-दोन वर्षं सहज जातात. मुळं मांसल असतात, तुटली की चटकन नवी येत नाहीत. हंगाम आधीच चुकीचा, त्यात विभागणीही करायची म्हणजे दोन शिक्षा एकदम. दादानं एकदा गड्ड्याकडे आणि एकदा स्वतःच्या कमरेकडे पाहिलं.

काल संध्याकाळी भरपूर पाणी देऊन ठेवलं होतं, म्हणजे पानं टवटवीत असताना झाड निघेल आणि माती धरून राहील. आज आधी सगळी पानं वर घेऊन जुन्या ओढणीनं सैल बांधली. बाहेरची पाच जुनी पानं देठापासून काढली, बाकीची ठेवली. मग भोवती चर खणला, गड्ड्यापासून एक वीत सोडून. सरळ गड्ड्याला लागून फावडं मारायचं नाही.

चर गुडघाभर झाल्यावर मुळं दिसली. करंगळीपासून अंगठ्याएवढी जाड, पिवळसर, दोरखंडासारखी एकमेकांत गुंतलेली. त्यातलं एक चराच्या पलीकडे गेलेलं होतं. मी ते हातानं उकरून मोकळं करत असताना दादाचा पाय पहारीवर पडला आणि ते मूळ कट्टकन मोडलं, गाजर मोडावं तसं. आत मधोमध बारीक तंतूची दोरी आणि भोवती पाणीदार गर. दादा काही बोलला नाही, मीही नाही. पुढची वीस मिनिटं दोघांनी हातांनीच माती काढली.

खालून सोडवताना पहार तरफेसारखी वापरली, खाली वीट ठेवून. गड्डा एका बाजूनं उचलला की त्याखाली ताडपत्री अर्धी गुंडाळून सरकवायची, मग दुसऱ्या बाजूनं कलता करून गुंडाळी ओढून घ्यायची. पानांना किंवा देठांना धरून ओढायचं नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी दादाच मला सांगू लागला. ताडपत्रीवरून फळ्यांवर घसरवत नेला. पंचवीस पावलांना अर्धा तास.

खड्ड्यावर काठी आडवी ठेवून पातळी पाहिली. पूर्वी मातीत होता तेवढाच आत्ता, एक बोटही खोल नाही. खोल गेला तर फुलं यायला उशीर होतो. दोन बोटं खाली वाटत होता म्हणून पुन्हा कलता करून खालून माती सारली. दादानं तेव्हा जो सुस्कारा सोडला तो नोंदीत असायला हवा.

माती पायांनी तुडवली नाही. अर्धा खड्डा भरून पाणी सोडलं, ते मुरताना माती मुळांच्या फटींत स्वतःच बसते. मग उरलेली भरली. शेणखतसुद्धा आत्ता नाही, फक्त वरून पालापाचोळ्याचं आच्छादन, गड्ड्याच्या मानेपासून चार बोटं लांब.

३ सप्टेंबर

जास्वंद. सकाळी ढगाळ होतं म्हणून लगेच घेतली. २३ तारखेला कापलेल्या बाजूला चर घेतला तेव्हा मुळांच्या कापलेल्या टोकांशी पांढरे ठिपके आणि दोन-तीन ठिकाणी सेंमीभर पांढरी मुळं दिसली. अकरा दिवस वाया गेले नव्हते.

गोळ्याला गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळला. तरी उचलताना न कापलेल्या बाजूचा एक तृतीयांश भाग ढासळलाच. कळ्या आणि फुलं सगळी काढली, शेंडे साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी केले, आतल्या बारीक काटक्या उडवल्या. तीन बांबू रोवून सैल बांधली. गोळा वाऱ्यानं हलत राहिला की नवी मुळं फुटता फुटताच तुटतात.

५ सप्टेंबर

खोदकाम झालं. गळती वाफ्याच्या डाव्या टोकाला निघाली. खणलं ते एवढंच, दीड मीटर. तिथे फक्त कर्दळीचं एक बेट होतं. गोकर्णीला धक्काही लागला नाही, आज सहा फुलं आली आहेत तिला.

दादाला सांगितलं नाहीये अजून.

९ सप्टेंबर

सोनटक्का आता दुपारीही मान टाकत नाही. चादर काढली, हिरवी जाळी ठेवली. जास्वंदीची पानं पिवळी पडून रोज मूठभर गळतायत. नखानं साल खरवडून पाहिली, खाली हिरवी आहे. पाणी चौथ्या दिवशी, तेही बोट घालून पाहिल्यावर. बर्ड ऑफ पॅराडाईजची बाहेरची तीन पानं मधल्या शिरेवर मिटल्यासारखी झालीत, मधली ठीक.

कर्दळीचे वाचवलेले पाच तुकडे उंचवट्यावर लावले. पाणी नाही. माती ओलसर आहे तेवढी पुरे.

१९ सप्टेंबर

सोनटक्क्याचा एक दांडा हलकेच वर ओढून पाहिला. येत नाही, धरून ठेवलंय. चारपैकी तीन तुकड्यांना नवे कोंब. जाळी आधी सकाळपुरती काढायची, मग चार-पाच दिवसांनी पूर्ण. एकदम काढली तर सावलीत वाढलेली कोवळी पानं करपतात.

जास्वंद जवळजवळ निष्पर्ण. काकूंनी आज काही सांगितलं नाही, नुसतंच पाहिलं.

२६ सप्टेंबर

जास्वंदीच्या पेरांवर हिरवे ठिपके. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दोन फांद्या मात्र टोकाकडून काळ्या पडल्यात, हिरवं लागेपर्यंत मागे छाटल्या. त्या ढासळलेल्या बाजूच्याच आहेत.

४ ऑक्टोबर

कर्दळीचं दुसरं बेट : सात नवे दांडे, एकाला फुलाची कणी. पहिल्या बेटाच्या पाच तुकड्यांपैकी चारांना कोंब, सगळ्यात उंच टीचभर. पाचवा उकरला नाही अजून.

सोनटक्का आणि कर्दळ यांना आज पहिल्यांदा पातळ शेणपाणी दिलं, कारण आता नवी पानं आहेत. जास्वंदीला अजून नाही.

बर्ड ऑफ पॅराडाईज : मिटलेली तीन पानं काढली. नवं पान नाही. मधोमध एक गुंडाळलेली सुरळी आहे, ती हलवल्यापासून तेवढीच होती. आज तिच्या देठाशी पेन्सिलीनं खूण करून ठेवली.

गोकर्णीच्या एकवीस बियांपैकी तेरा उगवल्या. दादा चार रोपं मागतोय. खोदकामाचं त्याला काकूंकडून कळलं.

११ ऑक्टोबर

सुरळी खुणेच्या दोन बोटं वर.